आठ गाळ्यांचा एक स्विच

१४ एप्रिल १९६४, चिखली

आज बाबासाहेबांच्या जयंतीला दुकान उघडलं. प्रज्ञा मेडिकल स्टोअर्स. पाटीवर खाली बारीक अक्षरात 'कु. कोकिळा, फार्मासिस्ट' असं लिहून घेतलंय. रंगारी दोनदा विचारत होता, मालकाचं नाव कुठं लिहू म्हणून.

मायनं बुद्धाच्या तसबिरीसमोर मेणबत्ती लावली आणि काउंटरवरून चारदा हात फिरवला. "लाकूड चांगलं हाय," एवढंच म्हणाली. नागपूरला माझी फी भरताना तिनं काय काय विकलं ते ती कधी बोलत नाही.

गाळा उत्तमरावांचा. बाजाररस्त्यावर त्यांचे आठ गाळे आहेत. पहिल्यात त्यांचं स्वतःचं सरकी-ढेपेचं आणि बियाण्याचं दुकान. मला दिला तो अगदी शेवटचा, आठवा, कोपऱ्यावर लिंबाच्या झाडाआड. मी ठरवायला गेले तेव्हा चौथाही रिकामा होता, आता तिथं सायकलवाला आलाय. चौथा का नाही असं विचारलं तर म्हणाले, "चवथ्यात दुपारभर ऊन येते, बाई. औषधाले ऊन चालते काय?"

उत्तर गोड होतं. खरं कारण मला ठाऊक आहे. नागपुरात खोली शोधताना अशी गोड उत्तरं पुष्कळ ऐकली.

१७ एप्रिल

फ्रिज आला! अकोल्याच्या एका डॉक्टरांचा जुना. कडबा घालून ट्रकमधून आणला. बाजारातली निम्मी माणसं बघायला जमली. मी प्लग लावला, तो घुर्रर्र करून सुरू झाला, आणि शेजारचा निवृत्ती सोडावाला म्हणाला, "बाप्पा! हे तर मांजरावाणी बोलते."

सगळ्यात आधी गीताबाई आल्या. मुलींच्या शाळेत हेडमास्तरीण आहेत. त्यांना रोज इन्सुलिन टोचून घ्यावं लागतं. ते चिखलीत मिळत नाही म्हणून दर पंधरवड्याला यष्टीनं बुलढाण्याला जातात, आणि घरी बाटली माठाच्या बुडाशी ओल्या फडक्यात ठेवतात. "इथं मिळायला लागलं तर माझे दोन रविवार वाचतील हो," म्हणाल्या. मी म्हटलं, आठवडाभरात मिळेल.

संध्याकाळी साडेसातला फ्रिज एकदम गप्प झाला. दिवाही गेला. मला वाटलं लाइट गेली. बाहेर आले तर रस्त्यावरचे दिवे चालू. आपल्याच आठ गाळ्यांत अंधार. किसनराव टेलर शांतपणे कंदील पेटवत होते.

"ताई, उत्तमराव घरी गेले," ते म्हणाले. "जाताना मेन पाडून जातात. रोजचंच हाय."

सगळ्या इमारतीला एक मीटर, एकच मेन स्विच, आणि तो उत्तमरावांच्या दुकानात आतल्या भिंतीवर. ते फळ्या लावून कुलूप घालतात तेव्हा आठही गाळे मरतात. हे मला भाडं ठरवताना कुणी सांगितलं नाही. मीही विचारलं नाही. परीक्षेत पहिली आले आणि हे विचारायचं सुचलं नाही.

१८ एप्रिल

उत्तमरावांकडे गेले. पन्नाशीचे असतील. गादीवर बसलेले, मागे एका तरुणाचा हार घातलेला फोटो, त्याच्या खिशात पक्कड. मी सांगितलं की औषधाला रात्रंदिवस थंडावा लागतो. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "रातच्याले करंट चालू ठेवून मी घरी जात नाही, बाई. हे सोडून काही बोला."

"का पण?"

"काऊन ते नका इचारू."

स्विचकडे पाहिलं मी. त्याच्याखाली कोरड्या लाकडाचा पाट ठेवलाय आणि बाजूला बांबूची काठी. पाटावर उभं राहून काठीनं ढकलतात म्हणे. कंजूष माणसाचे चाळेही विचित्र असतात.

२४ एप्रिल

फ्रिजमध्ये थर्मामीटर ठेवला होता. सकाळी दुकान उघडलं तेव्हा पारा एकतीसवर, हवा होता पाचच्या आसपास. आणलेल्या सहा बाटल्या विकायच्या नाहीत असं ठरवलं आणि फेकून दिल्या. गीताबाईंना तसं सांगितलं. त्या म्हणाल्या, "बरं, जाते मी बुलढाण्याला," आणि छत्री उघडून स्टँडकडे चालू लागल्या. दुपारचे दोन वाजले होते. ऊन असं की रस्त्यावर कुत्रंही नव्हतं.

उत्तमराव गादीवरून पाहत होते. मुद्दाम मोठ्यानं त्यांना ऐकू जाईल असं किसनरावांना सांगितलं, थर्मामीटर एकतीस दाखवतो म्हणून.

२६ एप्रिल

आज एक गंमत. संध्याकाळी निघताना दाराशी भुशात घोळलेली, गोणपाटात गुंडाळलेली बर्फाची लादी! निवृत्ती खामगावहून ट्रकनं बर्फ मागवतो. त्यालाच दया आली असणार. लादीचे तुकडे करून डब्यात भरले आणि फ्रिजमध्ये ठेवले. उद्या पाहू.

२७ एप्रिल

सकाळी पारा चौदा! निवृत्तीचे आभार मानले तर तो ओशाळून हसला आणि बाटल्या धुवायला लागला. भला माणूस, उपकार मिरवत नाही.

आणखी एक, मेन आज सहालाच चालू झाला होता. उत्तमराव एरवी आठला येतात. घरी भांडण झालं असेल.

३ मे

बर्फ रोज येतो, पण चौदा म्हणजे काही पाच नव्हे. आज वीज ऑफिसात गेले. ज्युनिअर इंजिनिअर तरुण आहेत, साताऱ्याकडचे. आधी मला वाटलं उभंच ठेवतील, पण खुर्ची दिली. कागदावर चित्र काढून समजावलं. खांबावरून आपल्या इमारतीत एकच जिवंत तार येते, त्या एका तारेवर आठ गाळ्यांचा भार. एकट्या माझ्यासाठी वेगळं मीटर बसवायचं तर त्याच तारेवर आणखी ओझं, त्यात अर्थ नाही. खरा उपाय म्हणजे इमारतीला तीन फेज, म्हणजे तीन वेगळ्या जिवंत तारा घ्यायच्या आणि आठ गाळे तिन्हींवर वाटायचे. बाहेरच्या भिंतीला मीटरांची पेटी, प्रत्येकाचं मीटर वेगळं, स्विच वेगळा.

"पण अर्ज सगळ्यांनी मिळून करायला हवा," ते म्हणाले. "आणि मालकाची सही."

येताना ते चित्र मी घडी न घालता हातात धरून आणलं. तांबडी, पिवळी, निळी अशा तीन रेघा. मला ते फार सुंदर वाटलं. मायला दाखवलं तर म्हणाली, "म्हंजे तीन विहिरी खणायच्या, एकीवर समदं गाव नाही आणायचं." इतकं सोपं मला सांगता आलं नसतं.

१२ मे

बाकीच्या सहा भाडेकरूंना पटवणं म्हणजे सहा वेगळे आजार बरे करणं. सध्या प्रत्येकजण दिव्यामागे ठरलेले पैसे उत्तमरावांना देतो. भांडीवाला म्हणतो, मीटर आलं की ते रात्रीही फिरेल. चहाच्या हॉटेलवाल्याला वाटतं, सरकारी माणूस येऊन किती पंखे ते मोजेल. किसनराव टेलरच पहिले तयार झाले, कारण त्यांना रात्री शिवता येईल. लग्नसराईत कंदिलाच्या उजेडात शिवून त्यांचे डोळे अधू झालेत.

मग आज हॉटेलवाल्यानं नवा हीटर लावला, निवृत्तीनं सोड्याची मोटर सुरू केली आणि फ्यूज उडाला. आठही गाळे बंद. सगळे एकमेकांवर ओरडायला लागले. मी सगळ्यांसमोर वाकून खडूनं इंजिनिअरांचं चित्र गाळ्यांपुढच्या फरशीवर काढलं. "हॉटेल निळ्यावर, सोडा तांबड्यावर. एकाचा फ्यूज उडाला तर दुसऱ्याला कळणारही नाही."

हॉटेलवाला वाकून बघत म्हणाला, "म्हंजे याच्या मोटरीनं माह्या चहाले तरास नाही?"

"नाही."

"लिहा माहं नाव."

आज तीन नावं मिळाली.

२० मे

माझ्यासकट सात नावं झाली. उत्तमरावांकडे अर्ज घेऊन गेले. त्यांनी वाचला, परत दिला.

"भाडेकरूच्या नावानं मीटर आलं का उद्या गाळ्यावर हक्क सांगायला मोकळा. मी नाही सही करत."

"मीटर तुमच्याच नावावर राहू द्या, बिल आम्ही भरू. इंजिनिअर साहेबांना विचारलंय, चालतं."

तरीही मान हलवत राहिले. नंतर म्हणाले, "ही वायरिंग माह्या भावानं केली. पंचावन साली. सोताच्या हातानं."

म्हणजे भावाच्या हौसेपायी आम्ही सातजण अंधारात! कसल्या कारागिराची वायरिंग ती, कापडी वेष्टण जागोजागी सुटलंय. मी अर्ज उचलून बाहेर पडले. हरल्यासारखं झालंय. नागपूरला एका दवाखान्यात नोकरी चालून आली होती. माय म्हणाली असती तर गेलेही असते. तिनं ताटात जास्तीची भाकर वाढली.

२६ मे

बुद्धपौर्णिमा. विहारात गेलो. लोकांनी आपल्या पोरीचं दुकान म्हणून माझं कौतुक केलं. फ्रिजमधला पारा सकाळी पंधरावर होता हे कुणाला सांगायचं?

२८ मे

काल दुपारी रेडिओवर बातमी आली की पंडितजी गेले. बघता बघता बाजार बंद झाला. फळ्या लागल्या, माणसं घोळक्यानं हॉटेलच्या रेडिओपाशी उभी राहिली. हॉटेलवाला हमसून रडत होता. मीही रडले. आणि रडता रडता मनात आलं, आता मेन पडेल आणि उद्याही उत्तमरावांचं दुकान उघडणार नाही. अशा दिवशी असं मनात यावं याची लाज वाटली. पण आलं.

आज सगळं बंद. तरी न राहवून दुकानात गेले, तर दारात बर्फ! दुप्पट मोठी लादी. खामगावची गाडी आली नाही, निवृत्तीच्या दाराला कुलूप. कुठून आणला देव जाणे. लाकडाचा भुसा मिळाला नसावा, बर्फाला सगळी सरकी चिकटली होती. निवृत्तीलाही बिचाऱ्याला मिळेल ते वापरावं लागतं.

३० मे

आज फार बोलून गेले.

दुपारी तिसऱ्या गाळ्यात, किसनरावांच्या भिंतीतून धूर यायला लागला. जळक्या रबराचा वास. कुणीतरी मागे फ्यूजला जाड तार घातली होती, तो उडायच्या ऐवजी भिंतीतली वायरच तापली. कापडाच्या ताग्यांना ठिणगी लागायची तेवढी बाकी होती. उत्तमरावांनी धावत जाऊन काठीनं मेन पाडला.

मी तिथंच, सगळ्यांसमोर ओरडले, "एका स्विचवर आठ संसार टांगलेत तुम्ही! कुणी मेल्यावर सही करणार आहात का?"

उत्तमरावांचा चेहरा राखेसारखा झाला. ते आत गेले आणि भिंतीकडे तोंड करून उभे राहिले.

मी खरं तेच बोलले होते. पण किसनराव मला बाजूला घेऊन म्हणाले, "ताई, तुमाले कोणी सांगतलं नाही वाटते. त्यायचा धाकटा भाऊ, रामराव, याच स्विचपाशी गेला. साठच्या पावसाळ्यात. ओल्या हातानं फ्यूज बदलायला गेला, चिकटला. उत्तमराव समोर होते."

फोटोतली पक्कड. पाट. काठी.

जेवण गेलं नाही.

१ जून

माफी मागायची म्हणून सकाळी गेले. वाक्य पाठ करून गेले होते. उत्तमरावांनी मला तोंड उघडू दिलं नाही. हात पुढे केला. "अर्ज द्या."

सही केली. मोडीसारखी वळणदार सही. मग म्हणाले, "एक अट हाय. जमिनीत तार पुरतात म्हणे, माणूस वाचते त्यानं. ते आमच्या इथं नव्हतं. ते पयले करायचं. माह्यासमोर."

"अर्थिंग. हो, पहिल्यांदा तेच करू."

मी परवाचं बोलणं काढायला गेले तर त्यांनी गिऱ्हाइकाला हाक मारली. बाहेर येऊन बाकी सहाही जणांना अर्ज दाखवला. निवृत्तीनं सगळ्यांना फुकट सोडा पाजला. जिंकलो! पण त्यांनी मला बोलू दिलं नाही हे सलतंय. राग गेला नसेल अजून.

१५ जून

अर्थिंगचा खड्डा एकदाचा झाला. वायरमननं कमरेएवढा खणला होता. उत्तमराव आले, आत डोकावले, म्हणाले, "अजून खाली जा." मग परत, "अजून." मुरूम लागला, पहार वाजायला लागली, तरी "अजून." वायरमन वैतागून माझ्याकडे बघायला लागला. शेवटी पुरुषभर झाला तेव्हा कुठं समाधान. कोळसा आणि मीठ स्वतःच्या गाडीतून आणलं, थर आपल्या हातानं पसरले. दोन दिवस गेले त्यात. त्यांच्या दुःखाची मला जाणीव आहे, पण या गतीनं दिवाळी येईल.

२८ जून

आज चालू झालं.

बाहेरच्या भिंतीला लोखंडी पेटी, आत आठ मीटर ओळीनं, प्रत्येकाखाली त्याचा स्विच, त्यावर गाळ्याचा नंबर. भिंतीतली जुनी वायर सगळी काढली, नवी लाकडी पट्टीवर ठोकली. पहिला, तिसरा, पाचवा तांबड्यावर. दुसरा, सहावा पिवळ्यावर. चौथा, सातवा आणि माझा आठवा निळ्यावर. हॉटेल आणि सोडा वेगवेगळे ठेवले हे सांगायला नकोच.

इंजिनिअर साहेब आले होते. नारळ कुणी फोडायचा यावर वाद होण्याआधीच किसनराव म्हणाले, "ताईनं खडूनं काढलं ते आज भिंतीवर आलं. ताईच फोडतील." फोडला.

संध्याकाळी साडेसातला उत्तमरावांनी फळ्या लावल्या आणि पेटीतला एक नंबरचा स्विच पाडला. हातानं. त्यांचा गाळा विझला. बाकी सात लखलखत राहिले! किसनरावांचं मशीन खडखडत होतं, हॉटेलात भजी तळली जात होती, येणारीजाणारी माणसं थांबून बघत होती. एक म्हातारा म्हणाला, "आज काय हाय बे इथं?" सायकलवाला म्हणाला, "काही नाही, बाबा. आता रोज असंच."

मी आणि माय दुकानाच्या पायरीवर बसून राहिलो. मायनं विचारलं, "रातभर चालंल?" मी म्हटलं, रात्रभर. ती फ्रिजला कान लावून आली.

३ जुलै

पारा पाचवर स्थिर. पाच दिवस झाले. गीताबाईंना पहिली बाटली दिली. त्यांनी ती हातात धरली आणि गालाला लावून बघितली. "किती गार!" सरकारी दवाखान्याच्या डॉक्टरांनी धनुर्वाताचं सीरमही माझ्याकडे ठेवायला दिलंय.

निवृत्तीचा बर्फ बंद झाला. आता गरजही नाही. त्याला पुन्हा एकदा धन्यवाद दिले तर म्हणाला, "मले काऊन म्हणता?" किती तो विनय!

११ जुलै

काल दुपारी वादळ झालं. लिंबाची फांदी खांबावरच्या तारेवर पडली आणि निळा फेज गेला. बाकी पाच गाळे चालू, आम्ही तिघं बंद. लाइनमन म्हणाला, ओला खांब आहे, उद्या सकाळी चढेन. बरोबरच होतं त्याचं.

पण माझ्याकडे गीताबाईंचं इन्सुलिन आणि दवाखान्याचं सीरम. सायकलवाला तार घेऊन धावला, "पाचव्यातून खेचून देतो दोन मिनिटांत!"

"खबरदार!" उत्तमराव एवढ्या जोरात ओरडले की तो जागीच थिजला. "ओल्यात तार ओढायची नाही. फ्रिजच उचला. माह्या गाळ्यात आणा. तो चालू हाय."

आणि उचलला! निवृत्ती, हॉटेलवाला, सायकलवाला, किसनराव, भांडीवाला, कुणी कुणाला सांगितलं नाही. चिखलातून, रस्ता अडवून, "उभा धरा, उभा धरा" असं मी ओरडतेय, माय पुढे वाट मोकळी करतेय. आठव्या गाळ्यातून पहिल्या गाळ्यापर्यंत वरातच ती. उत्तमरावांनी गादी गुंडाळून जागा केली. थोडा वेळ थांबून प्लग लावला, घुर्रर्र झालं आणि सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. माय पहिल्यांदाच त्या दुकानात आली होती. तिला त्यांनी खुर्ची दिली, पाणी दिलं. ती प्यायली आणि माझ्याकडे बघितलं. मी दुसरीकडे बघितलं, नाहीतर तिथंच रडले असते.

संध्याकाळी म्हटलं, आता हा स्विच रात्रभर चालू ठेवावा लागेल. उत्तमरावांनी फ्रिजसमोर खुर्ची ओढली. मग म्हणाले, "तुम्ही घरी जा, बाई."

आज सकाळी सहाला आले तर दुकान उघडंच. उत्तमराव फ्रिजसमोर खुर्चीत बसलेले, डोळे लाल, मांडीवर माझा थर्मामीटर. "पाच," म्हणाले. रात्रभर हलले नव्हते. बियाण्याचा हंगाम, दुकानात एवढा माल. रात्री मालाला कुणी हात लावेल अशी भीती वाटली असावी.

दहाला फेज आला. सगळ्यांनी फ्रिज परत आणून ठेवला. एकही बाटली वाया गेली नाही!

१९ जुलै

नगरपालिकेसमोरच्या इमारतीतले दुकानदार आज उत्तमरावांकडे आले होते. त्यांच्याकडेही एकच मेन. आमची पेटी उघडून बघत होते, अर्थिंगचा खड्डा कुठं ते विचारत होते. उत्तमरावांनी त्यांना सगळं दाखवलं. खड्ड्याची खोली सांगताना हात डोक्याच्या वर नेला. पुरुषभर होता, त्यांनी वाढवून सांगितला.

"हे सगळं केलं कसं?" त्या दुकानदारांतल्या एकानं विचारलं.

"ते आमच्या पोरीले इचारा," उत्तमरावांनी माझ्याकडे बोट केलं. "आठव्यात बसते."

भाडेकरू म्हणायचं होतं, घाईत तोंडून निघालं असेल.

उद्या दुपारी तिकडे जाणार आहे. त्यांचे दहा गाळे आहेत. नवा खडू घेतलाय, तीन रंगांचा.